कापसाच्या खोलीतलं गाणं

दिवाळी उलटली की आमच्या घराची पुढची खोली बहिरी होते. एरवी त्या खोलीत नुसतं खाकरलं तरी आवाज भिंतींवर आपटून परत येतो. पण शेतातून कापसाची गाठोडी यायला लागली, खोली तळापासून भरत भरत खिडकीच्या निम्म्यापर्यंत आली, की तिथे वाजवलेली टाळी तळहातातच मरते. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेलेला कळत नाही. आई हाक मारते ती गावाच्या दुसऱ्या टोकावरून मारल्यासारखी वाटते, आणि उभी असते दारातच. मी यवतमाळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आवाज मऊ वस्तूत कसा जिरतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगताना दरवर्षी माझ्या नाकात सरकीचा वास येतो आणि कोपराला खाज सुटते. मुलं समजतात खडूची धूळ असेल.

मला हेवी मेटल आवडतं. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे ते ओरडतात ते? हो, ते ओरडतात ते. त्यानंतर समोरचा माझ्या साडीकडे बघतो, मग चेहऱ्याकडे, आणि हसतो. आधी मी समजावत बसायचे, आता बसत नाही. आवडतं तर आवडतं. आणि हे वेड मला कुठल्या मोठ्या शहरात लागलेलं नाही. ते लागलं आमच्या गावात, यवतमाळपासून एसटीनं तासाभरावर, कापूस दाबता दाबता.

कापूस खोलीत नुसता ओतला तर फुगून बसतो आणि जागा खातो. मग कुणीतरी ढिगावर चढून तो पायांनी दाबायचा. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, तो उपसायचा, पुन्हा रोवायचा. पाहायला गंमत वाटते, पण थोड्याच वेळात मांड्या भरून येतात. आमच्याकडे हे काम माझा मोठा भाऊ मंगेश करायचा, आणि त्याच्या मदतीला यायचा त्याचा आयटीआयमधला दोस्त, रिजवान. रिजवान यवतमाळचा. त्याच्या वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आता ते तोच चालवतो. एका हंगामात तो येताना एक छोटा स्पीकर घेऊन आला. त्यानंच जोडलेला, पत्र्याच्या डब्यातला, बॅटरीवर चालणारा.

बाबांचा कापसाच्या खोलीचा कायदा कडक होता, अजूनही आहे. आत वायर न्यायची नाही, बल्ब लावायचा नाही, काडी ओढायची नाही. रिजवाननं डबा पुढे केला आणि म्हणाला, "काका, याले वायरच नाही." बाबांनी डबा उलटापालटा केला, गरम होतो का ते हात लावून पाहिलं, कान लावून पाहिलं. मग म्हणाले, "वाजव मंग."

जे वाजलं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही पायांनी बडवलेला ढोल, त्यावर खरखरीत गिटार, आणि खोल विहिरीतून आल्यासारखा एक गळा. मंगेश आणि रिजवान वर त्या ढोलाच्या तालावर पाय उपसत होते, रोवत होते. मी खाली गाठोडी सोडत होते. एक गाठ अर्धवट सुटलेली तशीच टाकून मी वर चढले. त्या खोलीत आवाजाला घुमायला जागाच नव्हती. प्रत्येक तार वेगळी, कोरडी, कानाजवळ येऊन थांबत होती. नंतर मी महागडे हेडफोन घेतले, पण तसा आवाज पुन्हा कशातच मिळाला नाही. थोड्या वेळानं बाबा आले, त्यांनी ढिगावर पाय रोवून पाहिला आणि निकाल दिला, "हे गाणं दाबाले चांगलं हाये. अजून असन तं लाव."

अशा रीतीनं आमच्या घरात मेटल शेतीचं अवजार म्हणून आलं.

मग गाण्यांचे दोन प्रकार पडले. दाबायची गाणी आणि बसायची गाणी. दाबायची म्हणजे वेगाची. बसायची म्हणजे संथ, जड, ज्यांच्यावर पाय उचलतच नाही. ती लागली की आम्ही तिघं कापसात कंबरेपर्यंत रुतून बसायचो, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. आजही कुणी मला एखादा नवा बँड सुचवला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, दाबायचा आहे की बसायचा. या विषयावर मोठमोठे लेख लिहिणारे लोक बारीक बारीक पोटप्रकार पाडतात. मला या दोनांतच सगळं बसवता येतं.

नवीन गाणं देण्याची आमची एक रीत होती, ती रिजवाननं पाडली. ज्यानं गाणं आणलं त्यानं समोर बसून ते पुन्हा पूर्ण ऐकायचं. देऊन निघून जायचं नाही. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि संपल्यावर ऐकणाऱ्यानं अशी एक गोष्ट सांगायची, जी आणणाऱ्याच्या कानातून निसटली असेल. "चांगलं आहे" म्हणायला बंदी होती. मी एकदा म्हणाले, तर रिजवान म्हणाला, "चांगले तं पोहे बी असते. आयकलं काय ते सांग."

आई दाराच्या उंबऱ्याशी बसून कापसातला काडीकचरा वेचायची. लेकीजवळ बाहेरचा पोरगा बसलाय म्हणून ती तिथे होती, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एकदा एक गाणं संपलं आणि आम्ही तिघं आपापलं काहीतरी शोधत होतो, तेव्हा तीच म्हणाली, "मंधात कोणी तरी हासलं का वो?" आम्ही गाणं मागे नेलं. गिटारीच्या पाठीमागे, वाजवणाऱ्यांपैकीच कुणीतरी खरंच हसत होतं. त्या दिवसापासून आईची उंबऱ्यावरची जागा मानाची झाली. गाणं सुरू करायच्या आधी रिजवान विचारायचा, "काकू, लावू?"

आणि मग ते एक गाणं. एसटी स्टँडजवळ मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायची, त्या काळातली गोष्ट आहे. रिजवाननं भरून आणलेल्या कार्डात एका फाईलला नावच नव्हतं, नुसता आकडा होता. कुणाचं गाणं, कुठल्या देशातलं, काही पत्ता नाही. संथ सुरू व्हायचं, मग दगडावर दगड चढावा तसं जड होत जायचं, गाणारा एक लांब श्वास घ्यायचा, तो श्वास स्पष्ट ऐकू यायचा, आणि मग एकच किंकाळी वर चढत जायची. वर, अजून वर, आणि मधेच तुटायची. पुढे काही नाही. कापसाच्या खोलीत ती शांतता अंगावर यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मंगेश म्हणाला, "काय हिंमत हाये याची. कोणी असं सोडते का?"

आम्ही त्या शेवटावर फिदा होतो. तो आमचा मापाचा गज झाला. दुसऱ्या कुठल्याही गाण्याचा शेवट आला की आम्ही नाक मुरडायचो, याला थांबता येत नाही म्हणून. पुढच्या हंगामात मंगेशच्या लक्षात आलं की त्या कार्डातली आणखीही गाणी अशीच मधे तुटतात. दुकानदारानं कार्ड घाईत काढलं असणार. आमच्या थोर गाण्याचा थोर शेवट म्हणजे अर्धवट उतरलेली फाईल होती. मंगेश पोट धरून हसला. मी थोडी खट्टू झाले. रिजवान मात्र हट्टानं म्हणाला, "असू दे. आपल्यासाठी ते इथंच संपते." आणि ते तसंच राहिलं. उरलेला भाग शोधायचा आम्हाला कुणालाच सुचला नाही.

बाबांनी कापूस विकला की एका दिवसात खोली रिकामी व्हायची. गाडीत शेवटचा कापूस चढला की आई झाडू घेऊन आत जायची, आणि तिच्या बांगड्या भिंतींवर वाजायला लागायच्या. हंगाम संपला हे मला त्या बांगड्यांवरून कळायचं. मग उन्हाळाभर, पावसाळाभर नवीन गाणी जमवायची, पण एकमेकांना ऐकवायची नाहीत. दिवाळीपर्यंत पोटात ठेवायची. एखादं फार आवडलेलं गाणं सात-आठ महिने कुणाला न सांगता राहणं म्हणजे शिक्षा होती. पण त्या शिक्षेतली मजा मला अजून दुसऱ्या कशात सापडलेली नाही.

आता मंगेश पुण्यात असतो. रोज सकाळी लिंका पाठवतो, दहा पाठवतो, आणि मी विचारलं की यातलं तू कुठलं ऐकलंस, तर म्हणतो, "ऐकीन ना, तू सांग कसं हाये." आमच्या जिल्ह्यातल्या मेटलवाल्यांचा फोनवर एक ग्रूप आहे. राजूरच्या कोळशाच्या खाणीतला एकजण आहे, उमरखेडची निशिगंधा आहे, जिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, कॉलेजची पोरं आहेत. एवढे लोक निघाले याचा मला फार आनंद आहे. पण तिथेही गाणं येतं, त्याच्याखाली आगीची चित्रं पडतात आणि पुढचं गाणं येतं. मी कधीकधी लिहिते, ऐकलं काय ते सांगा. मग त्याच्याखालीही आगीचं चित्र पडतं.

आणि रिजवान. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानात शिट्टी सुरू झाली, ती थांबलीच नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, खालचे शाबूत आहेत, आहे ते सांभाळा, मोठ्या आवाजापासून लांब राहा. लोक म्हणाले, ऐक अजून तसली गाणी. वर्षानुवर्षं दुकानात ट्रॅक्टरचे हॉर्न बसवून कानाशी वाजवून पाहिले, त्या हॉर्नला कुणी दोष दिला नाही. त्याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

या दिवाळीत मी त्याच्या दुकानात गेले ती एक नवं गाणं घेऊनच. वर्षभर पोटात ठेवलेलं. त्यानं चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, मंगेशला दोन शिव्या घातल्या. मी फोन काढला तसा तो म्हणाला, "प्रणाली, मले नवीन देऊ नको आता."

"काहून?"

"जुनं चालते. जुनं अर्धं कानात येते, अर्धं डोक्यातून येते. कुठं झांज हाये, कुठं काय हाये, मले पाठ हाये. शिट्टी वाजो नाही तं काही वाजो. नवीन गाण्याचं तसं नाही ना. जे कानात नाही आलं, ते गेलं. अन् काय गेलं ते बी मले समजत नाही." तो ग्लासातला चहा हलवत राहिला. "मंग तू विचारशीन, आयकलं काय ते सांग. मी काय सांगू तुले?"

मी म्हणाले, कापसाच्या खोलीत ये, तिथे ऐकू. तो हसला. "तिथं तं शिट्टी अजून मोठी होते वो. भायेर गाड्याघोड्यात ते दबते तरी."

त्याचं म्हणणं मला शब्दन् शब्द पटलं. आणि ते मानायचं नाही, असं मी त्याच्या दुकानाची पायरी उतरताना ठरवलं. हा माणूस आता उरलेल्या आयुष्यात तीच ती गाणी डोक्यातून ऐकत बसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. ज्यानं मला ऐकायला शिकवलं त्याच्यासाठी नवं गाणंच संपावं, हे कसं चालेल. गावाकडच्या एसटीत खिडकीशी बसले होते. बाहेर पऱ्हाटी पांढरीशुभ्र उभी होती, बायका ओळीनं कापूस वेचत होत्या. जुनं चालते, नवीन नको. जुनं चालते. आणि मला ते तुटलेलं गाणं आठवलं.

अर्धं जुनं आणि अर्धं नवीन असं जगात एकच गाणं होतं.

घरी पोचून मी जुन्या फोनमधून ती फाईल काढली आणि ग्रूपवर टाकली. हे पुढे कसं आहे, कुणाकडे पूर्ण आहे का, एका मित्राला ऐकवायचं आहे. पहिले काही दिवस चुकीचीच गाणी आली. राजूरवाल्यानं तीन बँडांची नावं शपथेवर सांगितली, तिन्ही खोटी निघाली. मी रोज विचारत राहिले. लोक वैतागले तरी विचारत राहिले. शेवटी निशिगंधानं एका गिऱ्हाइकाच्या बंद पडलेल्या जुन्या हार्ड डिस्कमधून, त्याला विचारून, ते उकरून काढलं आणि पाठवलं. खाली लिहिलं होतं, "ताई, किंकाळीनंतर खूप आहे. तुमचे मित्र काय म्हणतात ते मला नक्की कळवा."

इकडे बाबांचं वेगळंच चाललं होतं. यंदा कापूस शेतातूनच देऊन टाकायचा, घरात आणायचा नाही. आईला खाजेचा त्रास होतो, हे एक कारण. दुसरं त्यांनी खाली बघत सांगितलं, "दाबाले कोण हाये आता?"

"मी येईन ना दर रविवारी," मी म्हणाले. "रिजवानले घेऊन येईन."

"येईन तो?"

"तुम्ही बोलावलं तं येईन."

बाबांनी फोन केला. काकांना तो नाही म्हणूच शकत नव्हता. खोली भरली. आई म्हणाली, खाजेचं माझं मी पाहीन, अन् उंबऱ्यावरची धूळ पदरानं झटकून टाकली.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं ढिगावर होतो. दोघांचेही गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे दाबणं कमी आणि थांबणं जास्त. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी विचारलं, एक जुनं लावू का? तो म्हणाला, "जुनं लाव." आईकडे बघून त्यानं विचारलं, "काकू?" आईनं मान हलवली. मी आवाज अगदी कमी ठेवला. त्या खोलीत तेवढा पुरतो.

तो कापसात रुतून बसला आणि त्यानं डोळे मिटले. बोटं मांडीवर चालत होती, प्रत्येक ठोक्याच्या जराशी आधी, कारण ठोका कुठे पडणार हे त्याला पाठ होतं. गाणं जड होत गेलं. तो लांब श्वास आला. किंकाळी सुरू झाली, वर चढली, आणि रिजवाननं नेहमीसारखी मान वर केली, शांततेसाठी.

शांतता आली नाही. किंकाळी पुढे गेली.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. बोलायला बंदी होती, त्याचीच रीत. मी नजर हटवली नाही. त्याची बोटं थांबली होती, कारण आता पुढचं पाठ नव्हतं. मला भीती वाटली, तो उठून जाईल. तो उठला नाही. हळूच सरकला आणि त्यातल्या त्यात बरा कान स्पीकरकडे केला. किंकाळी ओसरली, मागे एकटी गिटार राहिली, मग खालून ढोल आला, संथ, आणि बराच वेळ ते दोघंच चालत राहिले. उंबऱ्यावर आईचे हात कापसात तसेच थांबले होते. गाणं संपलं.

"बेइमानी केली तू," तो म्हणाला.

"अर्धी."

मग मी ते विचारलं, जे विचारायला माझा जीव धजत नव्हता. काहीच आलं नसेल कानात तर? पण न विचारणं म्हणजे त्याच्यावर दया केल्यासारखं झालं असतं, आणि ती त्याला चालली नसती. मी म्हणाले, "आयकलं काय ते सांग."

"वरचं काही गेलं असन. झांजा असतीन तं मले नाही आल्या." मग बोटानं त्यानं मांडीवर ठोके धरले, आठवत, अडखळत. "पण गिटार एकटी राह्यली अन् ढोल आला ना, तिथं तो चुकला. एक ठोका सुटला त्याचा. मंग घाईघाईनं पकडला त्यानं."

आपल्या कानातून काही निसटू नये म्हणून हे गाणं मी आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं. मला कुठलीही चूक ऐकू आली नव्हती. मी गाणं मागे नेलं. गिटार, गिटार, ढोल. आणि तिथे, अगदी तिथेच, एक ठोका नव्हता, आणि पुढचा किंचित लवकर आला होता. मला रडूच आलं. मी ते येऊ दिलं. आई म्हणाली, "कापूस वला करशीन," आणि पुन्हा काडीकचरा वेचायला लागली.

संध्याकाळच्या आधीची एसटी पकडायला तो निघाला. बाहेर येऊन त्यानं पॅन्टला चिकटलेला कापूस एकेक करून काढला, आणि काढता काढता विचारलं, "काका कधी विकून राह्यले?"

"ठरलं नाही अजून."

"थांबा म्हणा. पुढच्या रविवारी मी आणतो एक."

"जुनं?"

"जुनं कायले?" तो म्हणाला. "तू आयकलेलं आणून काय करू?"

मी बाबांना सांगायला आत गेले.